दुसऱ्या बेसची जागा

बातमी आली तेव्हा नेरेयदा एका बाईच्या ओल्या केसांत रोलर गुंडाळत होती, आणि तिचे हात थांबले नाहीत. हे तिला नंतर आठवलं आणि खटकलं. निदान कंगवा तरी पडायला हवा होता. रेडिओवर हेरिबेर्तो नेहमीच्या दुपारच्या आवाजात बोलत होता, तोंडात काहीतरी चघळत असल्यासारखा. आपल्या बेसबॉल संघाने फाउस्तो पेगेरो पूर्वेकडच्या संघाला दिला, बदल्यात एक डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आला, असं त्याने सांगितलं, आणि मग हसून म्हणाला, "आमच्या सलूनवाल्या नेरेयदाबाईंचं अभिनंदन. सबंध उन्हाळा बाई ओरडत होत्या, म्हाताऱ्याला काढा, दुसऱ्या बेसवर तरुण पोरगा आणा. घ्या बाई, मालकांनी ऐकलं तुमचं." ड्रायरच्या टोपीखाली बसलेल्या बायकांनी टोप्या वर केल्या. युदेल्काने, म्हणजे नेरेयदाच्या बरोबरीने सलूनमध्ये काम करणाऱ्या बाईने, हातातलं यंत्र बंद केलं. "जिंकलीस की गं," असं खुर्चीतली बाई आरशातून म्हणाली. नेरेयदा म्हणाली, "डावखुरा एकच? मी दोन पिचर म्हटले होते." सगळ्या हसल्या. तीही हसली. हसता हसता तिने नीट बसलेला रोलर सोडून पुन्हा गुंडाळला.

तिचं म्हणणं साधं होतं, आणि आजही ती त्यातला शब्द मागे घेणार नव्हती. गेल्या हिवाळ्यात आमच्या पोर्तो प्लाताचा संघ शेवटून पहिला आला, तो काही देवाच्या कोपाने नाही. अमेरिकेहून आणलेले पिचर नाताळ जवळ आला की घरच्या आठवणीने आजारी पडतात आणि विमान पकडतात. त्यांच्यावर पैसा उधळू नये. चेंडू झेलणारा कॅचर असा की समोरचे लोक त्याच्या डोळ्यांदेखत पळून पुढचा बेस चोरायचे, आणि तो चेंडू फेकायचा तो मध्ये कबुतरं उडवायला. आणि दुसऱ्या बेसवर फाउस्तो. फाउस्तो चांगला होता. होता. त्याच्या डाव्या हाताला दोन पावलांवरून जाणारा चेंडू पूर्वी तो खिशातून रुमाल काढावा तसा उचलायचा. आता तो चेंडूकडे बघायचा, मान हलवायचा, आणि चेंडू गवतात निघून जायचा. लोक टाळ्या वाजवायचे, कारण त्याने मान फार सुंदर हलवली. नेरेयदा वाजवायची नाही. अकादमीतून आलेला एक बावीस वर्षांचा पोरगा बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळत होता, आणि ज्याला वाकता येत नाही तो मैदानात उभा होता. हे बोलायला काय शिक्षण लागतं? तिने ते हेरिबेर्तोच्या कार्यक्रमात फोन करून सांगितलं, पुन्हा सांगितलं, आणि हळूहळू टॅक्सीवाले तिला ओळखू लागले. फळांच्या गाडीवाला विचारायचा, "बाई, डाव्या कोपऱ्यातल्या त्या जाड्याचं काय करायचं?" ती पपई दाबून बघत सांगायची. घरात तिचं ऐकणारं कोणी नव्हतं. घरात कोणीच नव्हतं. त्यामुळे सबंध गाव आपलं ऐकतंय हे तिला आवडायचं, आणि आवडतं हे तिला ठाऊकही होतं.

बातमीच्या आधीच्या सोमवारी मात्र जे झालं ते असं झालं. हेरिबेर्तो तिला छेडत होता. "बाई, अडतीस म्हणजे काही म्हातारपण नाही. माझा सासरा सत्तराव्या वर्षी झाडावर चढतो." आणि ती पटकन म्हणाली, "तुझ्या सासऱ्याला दुसऱ्या बेसवर उभा कर मग. अरे, मी एक्केचाळीसची. जमिनीवर पडलेली केसांची पिन उचलायची तर मला खुर्ची धरावी लागते. फाउस्तोने आणि मी एकाच वर्षी पहिला प्रसाद घेतला चर्चमध्ये, आठ वर्षांचे असताना, एकाच रांगेत. त्याच्या मेणबत्तीचं मेण माझ्या झग्यावर सांडलं होतं. मला वाकता येत नाही ते त्याला कुठून येणार?" मग हेरिबेर्तो लांब शीळ घालून म्हणाला, "एकाच वर्षी?" तेव्हा तिला कळलं. ती म्हणाली, "म्हणजे, साधारण." पण बोललेलं निघून गेलं होतं, डोंगराच्या टोकापासून धक्क्यापर्यंत जिथे जिथे रेडिओ चालू होता तिथे पोचलं होतं.

आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. पोराच्या मनगटात जोर दिसला की एखादा खेळाडू शोधणारा माणूस घरी येतो, अंगणात कॉफी पितो, आणि आईला विचारतो की पोराच्या जन्माची नोंद केलीय का. बऱ्याचदा केलेली नसते; तालुक्याची कचेरी लांब, आणि पोरं पुष्कळ. मग तो म्हणतो, बरंच झालं, आता करू. एकोणिसाव्या वर्षी कोणी विचारत नाही, सोळाव्या वर्षी विचारतात. आई जाते, हात वर करते, आणि पोराला तीन वर्षं उशिरा जन्म देते. त्यात कोणाला पाप वाटत नाही. केळ्यांच्या घडातली खालची केळी वर ठेवतात तसंच ते. फाउस्तोच्या आईने, सगळं गाव जिला आदराने दोन्या म्हणतं त्या दोन्या क्रिसिदाने, तसंच केलं होतं. पोरगा गेला, तिकडे उत्तरेत छोट्या छोट्या गावांतून बसने फिरला, मोठ्या संघापर्यंत पोचला नाही, परत आला, आणि मग पंधराएक हिवाळे आपल्याच गावच्या संघात दुसऱ्या बेसवर उभा राहिला. हे गुपित नव्हतंच. फक्त ते मोठ्याने म्हणायचं नसतं, जेवायला आलेल्याला तू किती पोळ्या खाल्ल्यास असं म्हणत नाहीत तसं.

मंगळवारपासून हेरिबेर्तोने गंमत चालू केली. फाउस्तोचं खरं वय किती? फोन करा. लोक फोन करत होते. कोणी त्रेचाळीस म्हणाला, कोणी म्हणाला की कोलंबस उतरला तेव्हा धक्क्यावर दोर बांधायला फाउस्तोच होता. आणि गुरुवारी बदलीची बातमी. बातमी ऐकून बायका निघून गेल्या तसं नेरेयदाने रेडिओ बंद केला आणि युदेल्काला म्हणाली, "डोकं दुखतंय." मग तिच्या लक्षात आलं की ती दिवसभर एकाच गोष्टीचा विचार करते आहे, आणि ती गोष्ट म्हणजे डावखुरा पिचर नाही, दुसरा बेस नाही. ती गोष्ट म्हणजे शनिवार. दोन्या क्रिसिदा दर शनिवारी सकाळी पहिली यायची, बेसिनपाशी मान टाकायची, आणि डोळे मिटून म्हणायची, "हं, बोल. काल काय मूर्खपणा केला त्यांनी?" ती या शनिवारी येईल का? येणार नसेल तर मग पुढे कधीच नाही. हे नेरेयदाला पाण्याइतकं स्वच्छ दिसत होतं. आमच्याकडे भांडत नाहीत. दुसऱ्या सलूनमध्ये जातात.

नेरेयदाची आई ती नऊ वर्षांची असताना बोटीने पोर्तो रिकोला गेली, वर्षाने बोलावते म्हणून. बोलावणं आलं नाही. कपड्यांच्या पेट्या येत राहिल्या. आजी बहिरी होती. संध्याकाळी घरात बसवत नसे म्हणून ती दोन गल्ल्या ओलांडून पेगेरोंच्या अंगणात जायची, तिथे दोन्या क्रिसिदा इस्त्री करत करत सामना ऐकत असे. कोळशाची इस्त्री, तापलेल्या कापडाचा वास, आणि रेडिओतून येणारा गर्दीचा आवाज, भाताच्या पातेल्याला उकळी आल्यासारखा. फाउस्तो अंगणाच्या भिंतीवर चेंडू मारत असायचा, ठप्प, ठप्प, ठप्प. "पोरी," दोन्या म्हणायची, "चेंडू कुठे गेला ते मला सांगू नकोस, ते तो रेडिओवाला सांगतोय. तिथे का गेला ते सांग." आणि नेरेयदा विचार करायची. पिचर दमलाय. नाही. वारा आहे. नाही. मग एकदा म्हणाली की मधला माणूस आधीच डावीकडे सरकला होता म्हणून बॅटवाल्याने उजवीकडे मारला, आणि दोन्याने इस्त्री खाली ठेवली, तिच्याकडे बघितलं, आणि तिला तळलेल्या केळ्याचा सगळ्यात मोठा तुकडा दिला. जन्मात आपल्याला कोणी हुशार म्हटलंय ते तेवढंच, असं नेरेयदाला वाटायचं. शाळा तिने सहावीत सोडली. बाकीचं सगळं त्या अंगणात. म्हणजे माणसाने कसं बघायचं ते. आणि त्या बघण्याने तिने काय केलं, तर त्याच बाईच्या पोराचे गुडघे सगळ्या गावाला दाखवले.

पण गुडघे तर होतेच. ती स्वतःशी भांडत राहिली. शुक्रवारी केस कापताना, बिल करताना, भात टाकताना. खरं बोलायचं नाही का? आई म्हणून बघायचं, शेजारी म्हणून बघायचं, तर संघ कधीच बदलणार नाही; गावातल्या प्रत्येक खेळाडूला आई आहे. असं बोलत बोलत तिने भात करपवला. दोन्याचं घर दोन गल्ल्यांवर. जावं, दारात उभं राहावं. काय म्हणावं? बदली बरोबर आहे पण वय चुकून निघालं? ती संध्याकाळी चप्पल घालून निघाली आणि पाय तिला उलटीकडे, कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात घेऊन गेले. तिथे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर फाउस्तो थंड बिअर घेऊन बसला होता.

"काय मालकीणबाई," तो म्हणाला. "उद्या कोणाला काढायचंय?"

ती उभीच राहिली. "अंडी घ्यायला आले होते."

"घे ना. अंड्यांची तारीख बघून घे हं. आपल्याकडे वरची तारीख खोटी असते." तो स्वतःच हसला. जवळून बघितलं तर त्याच्या दाढीत पांढरं बरंच होतं. "बस. उभी राहिलीस की मला तुझ्याकडे मान वर करून बघावं लागतं, आणि मानही आता पूर्वीची नाही."

ती बसली. वाणी पंखा पुसत होता, पण त्याचे कान कुठे होते ते दिसत होतं. "फाउस्तो, मी मुद्दाम नाही..."

"माहीत आहे. तू बोलायला लागलीस की तुझं सुटलेल्या घोड्यासारखं होतं. पूर्वेकडच्यांनी दोन हिवाळ्यांचा शब्द दिला होता. आता एकाचा दिलाय. म्हणाले, बघू." त्याने बाटलीवरचं पाणी अंगठ्याने पुसलं. "आणि गुडघ्यांचं म्हणशील तर ते तुलाच काय, पार्किंगमधल्या माणसालाही दिसतात. मला राग नाही. थोडा आला होता. बुधवारी."

"आणि आई?"

"आई भांडी घासतेय," तो म्हणाला. "घासलेलीच परत घासतेय. माझ्याशी पण बोलत नाही. रेडिओ चालू ठेवते आणि ऐकते. बंद करायला गेलो तर हात धरला." त्याने बाटली संपवली. "तो डावखुरा बरा आहे म्हणतात. वेग आहे. चेंडू कुठे जाईल ते मात्र त्यालाच ठाऊक नसतं."

ती अंडी न घेताच घरी आली.

शनिवारी तिने पहिली खुर्ची कोणाला दिली नाही. बँकेतली एक मुलगी आली, तिला लग्नाला जायचं होतं, ती खुर्चीत बसायला गेली तर नेरेयदा म्हणाली, "तिथे नको राणी, तिथे नळ गळतो." युदेल्काने नळाकडे बघितलं, नेरेयदाकडे बघितलं, आणि मुलीला आपल्या खुर्चीकडे नेलं. नऊ वाजले, दहा वाजले. सलून भरलं. उन्हाळा संपत आला तरी हवा गळ्याशी बसल्यासारखी होती, आणि त्यात सगळे ड्रायर चालू. रेडिओ बंद होता, त्यामुळे बायका काय बोलावं ते सुचत नसल्यासारख्या गुणगुणत होत्या. नेरेयदाने स्वतःला सांगितलं की ठीक आहे, एक गिऱ्हाईक गेलं. मग ती मागच्या खोलीत टॉवेल आणायला गेली आणि टॉवेलांचं कपाट उघडून नुसतीच उभी राहिली. स्वच्छ टॉवेलांचा वास इस्त्रीच्या कापडासारखा येत होता. बाहेर एकदम सगळ्या बायका गप्प झाल्या, आणि तिला कळलं.

दोन्या क्रिसिदा डोक्याला फडकं बांधून दारात उभी होती. बाराला थोडाच अवकाश होता. ती कोणाकडे न बघता आत आली, फडकं सोडलं, घडी करून पिशवीत ठेवलं, आणि पहिल्या खुर्चीत बसून बेसिनवर मान टाकली. युदेल्का पुढे झाली. "मी धुते दोन्या, नेरेयदाला..."

"तुझी नखं लागतात," दोन्या डोळे मिटून म्हणाली. "जिला माझं डोकं माहीत आहे तिला धुवू दे."

नेरेयदाने पाणी सोडलं, मनगटावर बघितलं, केस ओले केले. त्या केसांखालचा प्रत्येक उंचवटा तिला माहीत होता. डाव्या कानामागे एक जुनी खूण होती, पडल्याची. ती थांबली होती त्या वाक्यासाठी. "हं, बोल." ते आलं नाही. नुसता पाण्याचा आवाज. तिने साबण लावला, धुतला, पुन्हा लावला. दुसऱ्यांदा लावायची गरज नव्हती. शेवटी टॉवेल गुंडाळला, तेव्हा दोन्या सरळ बसली आणि म्हणाली, "रेडिओ का बंद? कोणी मेलंय का इथे?"

कोणीतरी लावला. हेरिबेर्तो होताच. एक माणूस फोनवर म्हणत होता की फाउस्तो पंचेचाळीसचा आहे, त्याचा चुलतभाऊ त्याच्याबरोबर सैन्यात होता. बायका जमिनीकडे बघत होत्या. दोन्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग नेरेयदाकडे हात पुढे केला. "फोन लाव त्याला."

"दोन्या, राहू दे..."

"तुला तर नंबर पाठ आहे."

नेरेयदाने लावला. हेरिबेर्तोने तिचा नंबर ओळखून लगेच घेतलं, "आमच्या नेरेयदाबाई", आणि दोन्याने फोन टॉवेलच्या खाली कानाशी सारला. तिचा आवाज दोनदा ऐकू आला, एकदा खुर्चीतून आणि मागून एकदा रेडिओतून.

"नेरेयदा नाही. क्रिसिदा पेगेरो बोलतेय. हे बघ बाळा, पंचेचाळीस म्हणाला तो कोण होता त्याला सांग, पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी शाळेत होते. माझ्या फाउस्तोचा बाप विजेच्या खांबावरून पडून गेला तेव्हा फाउस्तो दोन वर्षांचा होता. बापाच्या पोटावर झोपायचा. सगळ्या गल्लीने बघितलंय. कागदावर बघायला गेलास तर तो बाप गेल्यानंतर वर्षाने झाला. तो कागद मी केला, हात वर करून. तेव्हा कचेरीतला माणूस, विधवेला वर्षाने पोर झालं म्हणून, माझ्याकडे बघून हसला होता, आणि मी हसू दिलं. पोराला खेळायचं होतं. आता त्याचं खेळून झालं. तर बाप गेला ते साल सगळ्यांना माहीत आहे, मोजा आणि बंद करा."

"दोन्या, आम्ही नुसती गंमत..."

"गंमत कर ना. आता कामाचं बोल. दुसऱ्या बेसवरचा माणूस दिलात तो दिलात, दोन वर्षांपूर्वी द्यायचा होता, तेव्हा भाव आला असता. पण घेतलं काय, तर डावखुरा. कॅचर कुठाय? या पिचरचे चेंडू सगळीकडे जातात म्हणे. ते अडवणार कोण, तू?" आणि तिने फोन नेरेयदाला परत दिला.

बँकेतली मुलगी डोळे पुसत होती. नेरेयदा कंगवा हातात घेऊन उभी होती आणि तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती: बाप गेल्यानंतर वर्षाने. तिने बेसबॉलमधलं सगळं मोजलं होतं, कोण किती वेळा बाद झाला, कोणाचा हात कधी दमतो, पण हे कधी मोजलं नव्हतं. हे साधं गणित होतं आणि ते सगळ्या गावाने मनातल्या मनात केलेलं असणार. वाण्याने, पाद्र्याने, कचेरीतल्या माणसाने. आणि ही बाई त्या गणितासकट रोज ताठ मानेने बाजारात गेली होती. "दोन्या, मला माफ..."

"केस विंचरताना माफी मागू नकोस. ओढले जातात."

ती विंचरू लागली. पहिला रोलर लावला, दुसरा लावला. दोन्याने आरशातून तिच्याकडे बघितलं नाही. समोरच्या बाटल्यांकडे बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "पूर्वेकडच्यांचा पहिला सामना आपल्याशीच आहे. त्यांच्या मैदानावर. बसने राजधानीपर्यंत, तिथून दुसरी बस. मी जाणार आहे. एकटीला ती दुसरी बस सापडायची नाही."

"मी येते."

"आधी ऐक. मी त्याच्या बाजूला बसणार. त्यांच्या लोकांत. त्यांची टोपी फाउस्तो देणार आहे, ती घालणार. तुला चालेल?"

नेरेयदाला हिरव्या मैदानाचा तो भाग डोळ्यांसमोर दिसला, परक्या टोप्यांचा, आणि त्यात ती स्वतः. तिने आयुष्यात दुसऱ्या संघाच्या बाकावर कधी पाय ठेवला नव्हता. पण अडलं होतं ते तिथे नाही. तिच्या डोळ्यांसमोर दुसरंच काही येत होतं. दोन माणसं बेसवर असणार, फाउस्तो बॅट घेऊन उभा असणार, आणि समोर आपला नवा डावखुरा. फाउस्तोला आता एक चेंडू मारता येत नव्हता: आत येणारा, छातीजवळ, हाताच्या मुठींवर चढणारा. त्याचा खांदा आता तिथवर वेळेत पोचत नव्हता. हे तिने दोन हिवाळे पाहिलं होतं, आणि गुडघ्यांबद्दल एवढं बोलूनही हे मात्र हेरिबेर्तोला कधी सांगितलं नव्हतं. का नव्हतं सांगितलं, हा विचारच तिने आजपर्यंत केला नव्हता. डावखुऱ्याने तो चेंडू टाकला तर आपण जिंकणार. तो कुठे टाकेल ते त्यालाच ठाऊक नसतं, असं फाउस्तो म्हणाला होता. म्हणजे त्या क्षणी तो चेंडू अजून कुठेच गेलेला नसणार, आणि ती दोन्याच्या शेजारी बसलेली असणार, आणि तिला मनात दोघांतलं काहीतरी एक मागावं लागणार.

"चालेल," ती म्हणाली.

"टाळ्या वाजवाव्या लागतील. तो बॅट घेऊन आला की."

"वाजवीन."

"मनापासून?"

नेरेयदाने रोलरला पिन लावली. मग कंगव्याच्या टोकाने मानेवरची पुढची बट वेगळी काढली.

"मान खाली घाला, दोन्या," ती म्हणाली. "जरा अजून."